सिमेंटचे पत्रे, पाइपवरचं आवरण आणि खिडक्यांचा जुना रंग: दोन दिवसांत सगळं काढून होईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात कुठे चूक झाली असेल तर सांगा. जुनं घर घेतलं आहे. मागच्या शेडवर सिमेंटचे पन्हाळीदार पत्रे आहेत. तळघरात गरम पाण्याच्या पाइपांवर पांढरट, प्लास्टरसारखं जाड आवरण आहे आणि एका वळणावर ते फुटून लोंबतंय. खिडक्यांवर रंगाचे थरावर थर चढलेत, पोपडे सुटताहेत. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. पाडकामाचा कंत्राटदार म्हणतो, ‘मास्क लावून चार माणसं घालतो, दोन दिवसांत सगळं साफ. तुम्ही वरच्या मजल्यावर राहा, काही होत नाही.’ आणि तुम्ही विचारताय, याला काम द्यावं का.

याला देऊ नका. दोन दिवसांत हे तोडून होईल, हे मात्र त्याचं खरं आहे. तोडायला वेळ लागतच नाही. मी ज्या कामांवर असतो तिथे दहा दिवसांतले जेमतेम तीन दिवस माल काढण्यात जातात. बाकीचे दिवस जागा बंद करण्यात, धुण्यापुसण्यात आणि ‘आता इथे काही उरलेलं नाही’ हे सिद्ध करण्यात जातात. त्याच्या हिशोबात हे दिवसच नाहीत. म्हणजे धूळ कुठे जाणार हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही, आणि तुमच्यासमोरचा खरा प्रश्न तोच आहे.

तुमच्या पत्र्यांत आणि पाइपवरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकतं, खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं. आधी ॲस्बेस्टॉस. तो दगड आहे, पण तंतूंचा दगड. त्याचा तंतू मोडला की आडवा तुटत नाही, उभा चिरत जातो आणि आणखी बारीक होतो. घातक समजले जातात ते साधारण ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि ३ मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला झोंबत नाहीत, साधा खोकलाही येत नाही. एकदा उडाले की तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यांच्यामुळे होणारे आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसं आतून कडक होत जाणं), फुप्फुसाचा कर्करोग, मीझोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचा कर्करोग), हे बहुतेक वेळा वीस ते पन्नास वर्षांनी वर येतात. ‘माझ्या माणसांना इतक्या वर्षांत काही झालं नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. पंधरा वर्षांत बहुधा काही दिसत नाही, हे बरोबरच आहे. ते बहुतेक वेळा व्हायचंच पुढे असतं.

हा खाणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसांचा आजार, घरातल्यांना काय त्याचं, असंही कुणी सांगेल. १९६० साली वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वायव्य केप भागातले मीझोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या कित्येकांनी खाणीत कधीच काम केलं नव्हतं, लहानपण फक्त त्या परिसरात गेलं होतं. पुढे कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांमध्येही तो सापडला. म्हणून आमची माणसं कामाचे कपडे घरी नेत नाहीत आणि कामाच्या बुटांनी गाडीत बसत नाहीत.

एवढं ऐकून घाबरून जाऊ नका. जे आवरणात घट्ट बसलंय, फुटलेलं नाही, कुणी कापत-घासत नाही, ते तंतू सोडत नाही. जागच्या जागी पडून असलेल्या ॲस्बेस्टॉसपेक्षा चुकीच्या पद्धतीने काढलेल्या ॲस्बेस्टॉसने घर जास्त बिघडलेलं मी पाहिलंय. म्हणून तुमच्या तिन्ही वस्तू एका यादीतून बाहेर काढा. ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

त्याआधी तपासणी. पाहून सांगता येत नाही, मलाही नाही. पांढरा, तपकिरी, निळा ॲस्बेस्टॉस ही नावं खनिजाची आहेत. प्लास्टरमध्ये मिसळल्यावर सगळं एकाच मळकट रंगाचं दिसतं. घर कधी बांधलं यावरून अंदाज येतो, पण अंदाजच. ब्रिटनने निळा आणि तपकिरी १९८५ मध्ये बंद केला, पांढरा १९९९ मध्ये. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, आणि काही देशांत सिमेंटचे पत्रे आजही बनतात. रंगाचंही तसंच. अमेरिकेने घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यामुळे ‘घर फार जुनं नाही’ या वाक्याचा अर्थ देशागणिक बदलतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवणं हाच मार्ग.

नमुना घेताना मी काय करतो ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे येणारा माणूस नीट काम करतो का ते ओळखता येईल. खाली प्लास्टिक अंथरायचं. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साबण अशासाठी की नुसतं पाणी ॲस्बेस्टॉसवरून ओघळून जातं, साबणाचं आत मुरतं. जागा भिजवायची, थांबायचं, पुन्हा भिजवायची. मग अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, पूर्ण जाडीतून, कारण वरचा थर नंतर केलेल्या डागडुजीचा असू शकतो. दोन पिशव्यांत बंद, वर नोंद, हत्यार ओल्या कापडाने पुसलेलं, आणि जिथून तुकडा काढला ती जागा टेपने झाकलेली. येणारा माणूस कोरड्या आवरणात स्क्रू-ड्रायव्हर खुपसायला लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. रंगाचा नमुना मात्र थेट लाकडापर्यंत खरवडून घ्यायचा. शिसं बहुतेक वेळा तळच्या थरांत असतं, वरचा रंग नवा असतो.

आता पत्रे. तुमच्या यादीत दिसायला सर्वांत मोठी वस्तू हीच, आणि सर्वांत कमी घाईची. अशा पत्र्यात साधारण दहा-पंधरा टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट, आणि सिमेंट तंतूंना धरून ठेवतं. पत्रे धड असतील, तिथे काही बांधायचं नसेल, तर ते राहू द्या. कुणी ‘शेवाळ काढून देतो’ म्हणत जोराच्या पाण्याचा फवारा घेऊन आला तर नाही म्हणा. तो फवारा पत्र्याचा वरचा थर सोलून अंगणभर पसरवतो. ग्राइंडरने कापणं, भोक पाडणं, हातोड्याने फोडणं, यांतलं काहीच नाही.

काढायचेच ठरले तर पहिला धोका तंतूंचा नाही, पडण्याचा आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. तो वाकत नाही, करकरत नाही, एकदम फुटतो आणि माणूस खाली जातो. तीस वर्षांनी होणाऱ्या आजाराची चर्चा करत लोक त्याच पत्र्यावर चालत जातात. म्हणून शक्य तिथे खालून, शिडी-मचाणावरून काम करायचं. वर जावंच लागलं तर फळ्या टाकून, खाली जाळी बांधून. पत्रे धरून ठेवणारे आकड्यासारखे जे-बोल्ट गंजलेले असतात. ते फिरवत बसलं की पत्रा चिरतो, म्हणून बोल्ट कटरने तोडायचे. पत्रा भिजवलेला, अख्खा, दोघांनी हातोहात खाली द्यायचा आणि प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचा. खाली टाकायचा नाही. एका ठिकाणी आमच्या आधीच्या कंत्राटदाराने पत्रे वरून सोडून दिले होते. छत एका दुपारी मोकळं झालं. मातीतले तुकडे गुडघ्यावर बसून वेचायला आम्हाला आठवडा लागला, आणि शेवटी वरची मातीच खरवडून न्यावी लागली.

पाइपवरच्या आवरणाची गोष्ट वेगळी. ते सिमेंटसारखं घट्ट नसतं, बोटाने चुरगळतं, त्यात ॲस्बेस्टॉसचं प्रमाण खूप जास्त असू शकतं, आणि तुमच्याकडे ते आधीच फुटलंय. निकाल येईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. तळघराचं दार बंद. खाली पडलेला चुरा झाडायचा नाही. घरातला व्हॅक्यूम तर अजिबात लावू नका. त्याच्या पिशवीतून बारीक तंतू सरळ आरपार जातात आणि मागून खोलीभर फेकले जातात.

हे काम कसं व्हायला हवं? तळघराला आतून प्लास्टिकची दुसरी खोली बांधायची, सांधे टेपने बंद. एका बाजूने पंखा हवा बाहेर ओढतो, पण हेपा फिल्टरमधून. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, साधारण ५ पास्कलने. आकडा नगण्य वाटतो, पण एवढ्याने हवा फटींतून आत येत राहते, बाहेर जात नाही. तुम्हाला यंत्र लागणार नाही, प्लास्टिककडे बघा. भिंती आतल्या बाजूला पोट काढून ओढलेल्या दिसल्या पाहिजेत. सैल लोंबत असतील किंवा बाहेर फुगल्या असतील तर काम थांबवायला सांगा. आत-बाहेर जायला तीन कप्पे: मळका, शॉवरचा, स्वच्छ. आतला माणूस शॉवर घेतल्याशिवाय बाहेर येत नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. जागा लहान असेल, नुसतं एक वळण काढायचं असेल, तर पाइपभोवती हातमोजे शिवलेली पिशवी बांधून आतल्या आतही काढता येतं. ते तुमच्याकडे जमेल का, हे पाइप भिंतीपासून किती लांब आहे आणि आवरण किती दूरपर्यंत सैल झालंय यावर आहे. फोटोवरून मी सांगणार नाही.

मास्कबद्दल एकच. ‘मास्क लावून’ याचा काहीच अर्थ होत नाही. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे शोभेचा. पी-३ किंवा पी-१०० (बारीक कण अडवणाऱ्या सर्वांत वरच्या दर्जाच्या) फिल्टरचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा, आणि बसतो का हे त्या-त्या माणसावर तपासलेला मास्क लागतो. दाढी असेल तर तो बसत नाही, दोन दिवसांची खुंटंसुद्धा सील मोडतात. आमच्याकडे सकाळी हजेरीच्या वेळी हनुवटीवर नजर जातेच. दाढी ठेवायचीच असेल तर सैल टोपाचं, हवा आत ढकलणारं यंत्र मिळतं, पण सगळ्याच कामांना ते पुरेसं नसतं.

मग येतो तो भाग ज्यासाठी तुम्ही पैसे मोजताय: मोकळीक, म्हणजे जागा पुन्हा वापरायला हरकत नाही हा निर्वाळा. माल निघाला, जागा धुतली, त्यानंतर आधी डोळ्यांनी तपासणी आणि मग हवेचा नमुना. ब्रिटनमध्ये हवेची मर्यादा एका मिलिलिटरला ०.०१ तंतू आहे, म्हणजे लिटरभर हवेत दहा. नमुना घेताना हवा शांत ठेवायची नसते, उलट मुद्दाम ढवळायची असते. म्हणजे कोपऱ्यात बसलेली धूळ लपत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळातलं एक तळघर सांगतो. आवरण निघालं, भिंती पुसल्या, फरशी लख्ख. हवेची चाचणी नापास. पुन्हा पुसलं, पुन्हा नापास. आम्ही यंत्राला दोष द्यायला लागलो. तिसऱ्या वेळी तपासणीला आलेला म्हातारा शिडीवर चढला आणि दिवे बंद करायला लावले. टॉर्च त्याने समोर रोखली नाही, पृष्ठभागाला चिकटवून आडवी धरली. विजेच्या केबल ज्या पत्र्याच्या पन्हाळीतून जात होत्या तिच्या वरच्या कडेवर पिठाची चाळण झटकावी तसा पांढरा थर उभा राहिला. खालून कुणाच्या बापाला दिसला नसता. त्या दिवसापासून मी टॉर्च आडवीच धरतो. आणि त्या दिवसापासून हेही पक्कं झालं की तपासणारा माणूस काढणाऱ्याच्या पगारावर नसावा. आमचाच माणूस तपासायला असता तर दुसऱ्या खेपेलाच ‘झालं’ म्हणून आम्ही घरी गेलो असतो. मीसुद्धा. थकलेलो होतो.

आता खिडक्या. माझ्या मते तुमच्या घरात तुमच्या मुलीला आज सर्वांत जवळचा धोका याच आहेत. ॲस्बेस्टॉसचा हिशोब दशकांचा, शिशाचा महिन्यांचा. वाढत्या मेंदूवर ते थोड्या प्रमाणातही परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित पातळी अशी माहीतच नाही. आणि मूल पोपडा उचलून खाईल तेव्हाच ते पोटात जातं असं नाही. १९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की मुलांना होणाऱ्या विषबाधेचं मूळ व्हरांड्याच्या कठड्यांच्या आणि खोल्यांच्या भिंतींच्या रंगात आहे. उन्हाने रंगाची पूड होते, हाताला लागते, हात तोंडात जातो. तुमच्या खिडकीत ऊन तर आहेच, वर घर्षणही आहे. झडप चौकटीवर घासली की दर उघडझापीला चिमूटभर पूड खालच्या पट्टीवर पडते, आणि ती पट्टी नेमकी तीन वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर असते.

म्हणून खिडकीच्या घासणाऱ्या भागांवर ‘वरून चांगला रंग मारून झाकू’ हा सल्ला मी देत नाही. भिंतीवर, जिथे काही घासत नाही आणि खालचा रंग घट्ट आहे, तिथे झाकणं चालतं. झडपेवर आठवड्यात उघडं पडतं. झडपाच बदलणं पुष्कळदा सोयीचं पडतं. जुनं लाकूड फार चांगलं असेल आणि जपायचं असेल तर झडपा उतरवून बाहेर नेऊन साफ करता येतात. तिथल्या तिथे करायचं तर भिजवून खरवडणं किंवा रंग सोडवणारं रसायन, तेही मिथिलिन क्लोराइड नसलेलं, कारण बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावलेली आहेत. कोरडा पॉलिश पेपर नाही. ब्लो-लॅम्प तर नाहीच. हीट गन वापरायचीच तर तापमान ६०० सेल्सियसच्या बरंच खाली, त्याच्या वर शिशाची वाफ सुटते. निघालेलं रंगीत लाकूड शेकोटीत घालू नका, शिसं जळत नाही, ते धुरात आणि राखेत येतं. खिडक्यांना लोखंडी गज असतील तर तेही तपासा. लोखंडावर तळाला शेंदरी प्रायमर असेल तर तो बहुधा रेड लेडचा, म्हणजे शिशाच्या शेंदराचा असतो.

शिशाची धूळ जड, ती लवकर खाली बसते. त्यामुळे शिशाची मोकळीक हवेतून नाही, फरशीवरून ठरते: ठरावीक मापाचा चौकोन ओल्या कापडाने पुसायचा आणि ते कापड प्रयोगशाळेत. सफाईचा क्रमही ठरलेला आहे. हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, मग पुन्हा हेपा व्हॅक्यूम. मधल्या पुसण्यात पाणी सारखं बदलावं लागतं, नाहीतर एका खोलीचं शिसं दुसऱ्या खोलीत सारवलं जातं.

घरात राहायचं का? पत्र्यांच्या कामाला, शेड वेगळी असेल तर, त्या बाजूच्या खिडक्या लावून राहिलात तरी चालेल. पाइपच्या कामाला नाही. खालून वर जाणारे नळ, तारा, जिना यांच्या फटी कोणत्याच आराखड्यात दाखवलेल्या नसतात. खिडक्यांना खोलीमागून खोली घेता येते, पण मुलगी आणि घरात कुणी गरोदर असेल तर ती, पुसण्याचा निकाल येईपर्यंत बाहेर. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून रक्तात उतरतं, म्हणून हा आग्रह.

मी असतो तर क्रम असा लावला असता: आधी तळघर, कारण ते फुटलंय. मग खिडक्या. पत्रे शेवटी, किंवा कधीच नाही. हे बदलू शकतं. पाइपचा नमुना स्वच्छ निघाला तर खिडक्या पहिल्या. शेड पाडून तिथे खोली बांधायची असेल तर पत्रे वर सरकतील. परवाना लागतो का, कचरा कुठे टाकायचा, हे तुमच्याकडच्या कायद्यावर आहे. बहुतेक ठिकाणी पाइपच्या कामाला परवाना लागतोच आणि पत्र्यांना नियम थोडे सैल असतात. कंत्राटदाराला मात्र तीन गोष्टी विचारा: हवा कोण तपासणार, त्याचे पैसे कोण देणार, आणि कचरा स्वीकारल्याची पावती मला मिळेल का. पहिल्याच प्रश्नाला ‘आमचाच माणूस आहे ना’ असं उत्तर आलं तर पुढचे दोन विचारायची गरज नाही.

आज संध्याकाळी करण्यासारखं एवढंच. मुलीचा पलंग आणि खेळणी खिडकीपासून दूर हलवा. खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या आणि जवळची फरशी साबणाच्या पाण्याने, टाकून द्यायच्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून फेका. जेवणाआधी आणि झोपण्याआधी तिचे हात धुवा. या आठवड्यात तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. अमेरिकेत एका डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की मुलाच्या घराकडे लक्ष देतात. आकडा आला की डॉक्टरांना दाखवा आणि मलाही कळवा, कारण तो जास्त निघाला तर खिडक्यांसाठी मी तळघराचीही वाट बघणार नाही.